पिशवी की पाऊच? मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय

दिवाळी सरली की मानवत आणि सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. वजनकाट्यापासून गादीपर्यंत माणसाला क्षणाची उसंत नसते. अशा ऐन हंगामात एखादा व्यापारी तासातासाला गादीवरून उठून जातो, परगावच्या खरेदीला जाणे टाळतो आणि मुंबईला जावेच लागले तर तपोवन एक्स्प्रेसमध्ये शौचालयाजवळचीच जागा मागतो. घरची मंडळी समजतात की जुनी आव आहे. तोही तसेच सांगतो. पथ्ये होतात, काढे होतात, जंतांची औषधे होतात. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट मात्र पत्नीलाही सांगितली जात नाही.

अशा प्रत्येक आवेमागे मोठा रोग असतोच असे नाही. परंतु काही जणांच्या बाबतीत ती आव नसून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराचा व्रणयुक्त दाह असतो. हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. पंजाबात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. पंजाबचेच प्रमाण येथे लावले तर जिल्ह्यात आठशेच्या आसपास रुग्ण निघतील. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे. तरीही जिंतूर, पूर्णा, गंगाखेड, पाथरी या तालुक्यांत असे रुग्ण असणार आणि त्यांतील बरेचसे गप्प बसलेले असणार, एवढे त्यावरून समजते.

रोग आणि औषधांची मर्यादा

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. अन्नरसातील उरलेले पाणी व क्षार शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. या रोगात दाहाची सुरुवात गुदाशयापासून होते आणि तो सलगपणे वर सरकत जातो. रक्त व आव पडणे, शौचाची अनावर घाई, पोटात कळा, वजन घटणे, पंडुरोग ही त्याची लक्षणे होत. रोग कधी शांत राहतो, कधी उफाळतो. त्याचे निश्चित कारण एक नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, असे त्याचे स्वरूप आहे. अमीबाची आव व आतड्याचा क्षयरोग यांची लक्षणे याच्याशी मिळतीजुळती असल्याने दुर्बिणीची तपासणी आणि अस्तराच्या तुकड्याची परीक्षा यांवाचून निदान पक्के होत नाही.

बहुसंख्य रुग्णांना औषधांनी आराम पडतो. मेसालामाइन, गरजेपुरते स्टेरॉइड, ॲझाथायोप्रीन आणि अलीकडची जैविक औषधे यांनी रोग आटोक्यात राहतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हाच रोग होता. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये याच कारणाने त्यांना पद सोडावे लागले. परंतु मधली जवळपास आठ वर्षे त्यांनी औषधांच्या आधाराने देशाचा कारभार पाहिला. तेव्हा निदान झाले म्हणजे शस्त्रक्रिया आलीच, असे मुळीच नाही.

शस्त्रक्रियेची वेळ तीन प्रसंगी येते. पहिला, तीव्र झटका. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, सोबत ताप किंवा वाढलेली नाडी, अशा स्थितीत रुग्णाला इस्पितळातच ठेवावे लागते. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडचा तिसऱ्या दिवसापर्यंत गुण आला नाही तर पुढील उपायांचा विचार तातडीने करावा लागतो. दुसरा प्रसंग म्हणजे औषधे थकणे, किंवा स्टेरॉइड सुटता न सुटणे. कारण वर्षानुवर्षांचे स्टेरॉइड हाडे, डोळे व रक्तातील साखर यांवर आपली वसुली करत असते. तिसरा प्रसंग कर्करोगाचा किंवा त्याच्या पूर्वखुणांचा. रोगाला आठ-दहा वर्षे झाली की हा धोका वाढू लागतो. म्हणून त्यानंतर ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करण्यास डॉक्टर सांगतात. पुष्कळ रुग्ण बरे वाटू लागले की हीच तपासणी चुकवतात.

दोन वाटा

रोग मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असल्याने ते आतडे काढल्यावर आतड्याचा रोग संपतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: मल बाहेर कोठून जाणार?

पहिली वाट जुनी आहे. मोठे आतडे, गुदाशय व गुदद्वार काढून लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूस त्वचेवर आणतात. याला इलिओस्टॉमी म्हणतात, आणि त्या तोंडाला स्टोमा. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत पातळ मल जमा होतो. १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे शल्यविशारद ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचे टोक बाहीसारखे उलटवून शिवण्याची पद्धत सांगितली. त्यामुळे त्वचा जळण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला आणि ही शस्त्रक्रिया माणसाला सुसह्य झाली. पिशवी दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करावी लागते आणि दर तीन-चार दिवसांनी बदलावी लागते. शस्त्रक्रिया बहुधा एकच, परिणाम निश्चित, घाई संपलेली. नावेच्या बाजूला पिशवी आयुष्यभराची, पाणी व क्षारांची तूट, मूतखड्याची शक्यता, स्टोमाभोवती हर्निया किंवा त्वचेचा दाह या गोष्टी येतात.

दुसरी वाट १९७८ साली खुली झाली. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळातील सर ॲलन पार्क्स व जॉन निकोल्स यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची घडी घालून पोटातच एक थैली तयार केली आणि ती गुदद्वाराशी जोडली. १९८० साली जपानच्या जोजी उत्सुनोमिया यांनी या थैलीला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार दिला. हेच आज प्रचलित असलेले ‘जे पाऊच’. यात शौच नैसर्गिक मार्गाने होते व कायमची पिशवी लागत नाही. परंतु काम दोन किंवा तीन टप्प्यांत होते. मधल्या काळात, साधारणतः दोन-तीन महिने, तात्पुरती पिशवी लागतेच. सर्व जुळून आल्यावरही दिवसातून चार ते आठ वेळा शौचास जावे लागते, कधी रात्री एकदा उठावे लागते. फरक इतकाच की ती अनावर घाई राहत नाही, थांबता येते. पाऊच असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा थैलीचा दाह होतो; तो बहुधा प्रतिजैविकांनी शमतो. काही वर्षांच्या काळात शेकडा पाच ते दहा जणांचा पाऊच निकामी ठरतो आणि शेवटी पिशवीच स्वीकारावी लागते.

यांखेरीज आणखी दोन पर्याय आहेत. मोठे आतडे काढून लहान आतडे गुदाशयाला जोडणे हा त्यांतील एक. यात गुदाशयातील रोग व कर्करोगाची भीती शिल्लक राहते, म्हणून तो निवडक रुग्णांसाठीच असतो. स्वीडनच्या निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये सांगितलेली, पोटातच झडप असलेली थैली हा दुसरा. आज तो फार थोड्या ठिकाणी होतो.

तीव्र झटक्यात रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करावी लागली, तर ‘पिशवी की पाऊच’ हा निर्णय त्या रात्री घ्यावयाचा नसतो. अशा वेळी शल्यविशारद केवळ मोठे आतडे काढतात, गुदाशय तसाच ठेवतात आणि तात्पुरती इलिओस्टॉमी करतात. जीव वाचतो, स्टेरॉइड सुटते, अंगी बळ येते आणि सहा महिन्यांनी शांत डोक्याने पुढचे ठरवता येते. पिशवीचे नाव ऐकून या शस्त्रक्रियेला नकार देणारे कुटुंब दोन्ही वाटा बंद करून घेते, कारण आतडे फुटले तर प्राणावरच बेतते.

तीन घरे, तीन उत्तरे

कोणती वाट चांगली, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. दोन्ही प्रकारच्या रुग्णांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत एकंदर जीवनमान बरेचसे सारखेच आढळते. उत्तर बदलते ते माणसानुसार. पुढील तीन उदाहरणे कोणा एका घराची नाहीत, पण आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही घराची असू शकतात.

समजा, चोवीस वर्षांची मुलगी आहे आणि तिचे लग्न ठरायचे आहे. आईवडिलांचा पहिला विचार असतो: पिशवी नको, स्थळे येणार नाहीत, पाऊच करून टाका. या घाईत एक गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. पाऊचसाठी ओटीपोटात खोलवर काम करावे लागते. तेथे चिकटपणा निर्माण होऊन गर्भनलिकांवर परिणाम होतो. पाऊचनंतर स्त्रियांमधील वंध्यत्वाचे प्रमाण सुमारे तिपटीने वाढते, असे एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा धोका कमी होतो असे मानले जाते, आणि कृत्रिम गर्भधारणेचा मार्गही उपलब्ध असतो. तरीही ज्या लग्नासाठी पिशवी टाळली त्याच संसारात मूल होणे अवघड व्हावे, हा सौदा डोळे मिटून करण्यासारखा नाही. मोठे आतडे काढून काही वर्षे इलिओस्टॉमीवर राहणे, अपत्यप्राप्तीनंतर पाऊच करणे, हा क्रमही शक्य असतो. त्यासाठी स्थळाच्या मंडळींना खरे सांगावे लागेल. लपवलेला आजार लग्नानंतर उघड होतोच, आणि तेव्हा त्याची किंमत एकट्या मुलीला मोजावी लागते.

समजा, चाळिशीतील व्यापारी आहे. प्रकृती बरी, गुदद्वाराचे स्नायू मजबूत, दिवसभर मोंढ्यात व आठवड्यातून दोनदा प्रवासात. त्याला पाऊच सोयीचा ठरू शकतो. पण त्याने वर्षभराचे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे: दोन-तीन शस्त्रक्रिया, मधली पिशवी, थैली स्थिरावण्याचा काळ. कापसाचा एक हंगाम भावाच्या किंवा मुलाच्या हाती सोपवावा लागेल. पुरुषांच्या बाबतीत ओटीपोटातील मज्जातंतूंना इजा होऊन दांपत्यजीवनावर परिणाम होण्याचा थोडा धोका दोन्ही शस्त्रक्रियांत असतो. तोही संकोच न करता विचारून घ्यावा. एवढे सर्व ऐकून त्याला एकाच शस्त्रक्रियेत मोकळे व्हावेसे वाटले, तर तो निर्णयही शहाणपणाचाच.

समजा, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ आहेत. स्नायू सैल झालेले, सोबत मधुमेह. त्यांना पाऊच दिला तर शौच रोखता येईलच असे नाही, आणि ओल्या कपड्यांची लाज पिशवीपेक्षा मोठी असते. अशा वयात इलिओस्टॉमी अधिक निर्धास्त. ‘या वयात बाबांना पिशवी कशाला’ असे मुलांना वाटते. बाबांना मात्र बहुधा कोणी विचारलेले नसते.

पिशवी म्हणजे आयुष्याचा शेवट, ही समजूत खोटी ठरवणारी माणसे होऊन गेली. अमेरिकेतील नॉर्मा गिल या गृहिणीला याच रोगाने जर्जर केले होते. १९५४ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी तिची इलिओस्टॉमी केली. बरी झाल्यावर ती इतर रुग्णांना पिशवी लावायला शिकवू लागली. १९५८ मध्ये डॉ. टर्नबुल यांनी तिला आपल्या रुग्णालयातच नेमले आणि १९६१ मध्ये दोघांनी मिळून स्टोमा-परिचर्येचे पहिले प्रशिक्षण सुरू केले. आज जगभर ‘स्टोमा नर्स’ म्हणून ओळखली जाणारी परिचारिका हे त्या एका रुग्ण स्त्रीच्या जिद्दीचे फळ आहे. रॉल्फ बेनिर्श्के हा अमेरिकी फुटबॉलपटू १९७९ मध्ये याच रोगाने मरणाच्या दारात पोहोचला होता. पुढच्याच हंगामात तो पोटावर पिशवी घेऊन मैदानात उतरला.

पाणी, उपवास आणि चौविहार

मोठे आतडे गेले की पाणी व मीठ राखणारा कारभारीच गेला असे समजावे. इलिओस्टॉमीतून रोज साधारण अर्धा ते पाऊण लिटर द्रव बाहेर पडतो. पाऊचमध्येही शौच पातळच राहते. परभणीचा उन्हाळा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. अशा दिवसांत लघवी कमी व गडद होणे, जीभ कोरडी पडणे, पायात गोळे येणे, भोवळ येणे या खुणा दिसताच सावध व्हावे. नुसते पाणी पिऊन ही तूट भरत नाही. मीठ-साखरेचे जलसंजीवनीचे द्रावण लागते. उकळून गार केलेल्या पाण्यात ते करता येते, त्यामुळे नियमाला बाध येत नाही. मीठ घातलेले ताक, शहाळे, केळे हेही उपयोगी पडते. पिशव्यांचा साठा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. उष्णतेने चिकटद्रव्य बिघडते.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली रीत येथे मदतीलाच येते. सायंकाळी लवकर जेवल्यास रात्री पिशवी कमी भरते, असे स्टोमा-परिचर्येतही सांगितले जाते. अडचण येते ती पाण्याच्या त्यागाची. दशलक्षण किंवा पर्युषणातील निर्जल उपवास, अठाई, कडक चौविहार या गोष्टी मोठे आतडे नसलेल्या शरीराला मूत्रपिंडाच्या इजेपर्यंत नेऊ शकतात. आपल्या परंपरेत तपाला शक्तीची मर्यादा सांगितलेली आहे. तेव्हा कोणता नियम घ्यावा, कोणता शिथिल करावा, हे डॉक्टरांचे मत हाती घेऊन महाराजांना विचारावे. पिशवी असताना अभिषेक-पूजेविषयीचा संकोचही गुरूंपुढेच मोकळेपणाने मांडावा. दर्शन, स्वाध्याय, जाप यांपासून स्वतःच दूर होऊन घरात कोंडून घेण्याची आवश्यकता नाही.

आहारात पहिले सहा-आठ आठवडे मक्याचे कणीस, शेंगदाणे, सुके खोबरे, सालीसकट कडधान्ये टाळावीत. ती अडकून आतडे तुंबण्याची भीती असते. नंतर एकेक पदार्थ नीट चावून, थोडा थोडा वाढवावा. औषधांबाबत दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. जिलेटिनची कॅप्सूल चालत नसेल तर गोळी किंवा दुसरा पर्याय मिळतो का, हे विचारावे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीतून न विरघळताच बाहेर पडू शकतात. पिशवीत अख्खी गोळी दिसली तर ते औषध बदलावे लागते.

शस्त्रक्रियेपूर्वीची चौकशी

पाऊच ही सवयीच्या हातांची शस्त्रक्रिया आहे. परभणीहून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर जवळ, हैदराबाद, पुणे, मुंबई लांब. परंतु येथे अंतरापेक्षा अनुभव महत्त्वाचा. आपण वर्षाला असे किती पाऊच करता? किती टप्प्यांत कराल? निदान कोलायटिसचेच आहे, क्रोन्स रोगाचे नाही, याची खात्री झाली का? (क्रोन्समध्ये पाऊच सहसा टिकत नाही.) स्टोमा नर्स आहे का? घरी परतल्यावर रात्री अडचण आली तर कोणाला फोन करावा? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. एखाद्या नव्या पेढीशी व्यवहार करताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी पोटावर खूण करून ठरवतात. ती उभे राहून, खुर्चीत बसून आणि मांडी घालूनही तपासून घ्यावी. दिवसभर गादीवर बसणाऱ्याच्या पोटाला ज्या ठिकाणी घडी पडते तेथे स्टोमा आला तर पिशवी टिकत नाही. साडीची निरी किंवा धोतराची गाठ कोठे येते, हेही दाखवावे. शक्य असल्यास, अशी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाची भेट डॉक्टरांच्या मध्यस्थीने घ्यावी. अर्ध्या तासाच्या त्या भेटीने मनावरचे निम्मे ओझे उतरते.

पैशाची बाजूही आधीच मांडावी. पाऊचचा खर्च दोन-तीन हप्त्यांत येतो, पिशवीचा दरमहा आणि आयुष्यभर. आरोग्य विमा घेताना हा आजार लपवू नये. दाव्याच्या वेळी तेच कारण नकाराला पुरते. विमा नियामकाने २०२४ मध्ये केलेल्या बदलानुसार पूर्वीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया दूर असतानाच खरे लिहून विमा घेणे हिताचे. पिशव्यांचा खर्च मिळतो की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे.

निर्णय कोणाचा?

आपल्या घरांत मोठे निर्णय एकत्र बसून होतात. ती चांगली रीत आहे. आजारपणात माणूस एकटा पडत नाही. परंतु या बाबतीत बैठकीचा शेवटचा शब्द रुग्णाचा असावा. पिशवी रोज पाच-सहा वेळा रिकामी करणार तो, किंवा पाऊच घेऊन रात्री उठणार तो. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणाला ते करावे लागणार नाही. कपड्यांखालची पिशवी लोकांना दिसतही नाही. दिसते ते खंगलेले शरीर आणि गादीवरची रिकामी जागा.

शस्त्रक्रिया लांबवत नेण्याचाही खर्च असतो. दरवर्षी स्टेरॉइड वाढते, वजन घटते, आणि शेवटी जी शस्त्रक्रिया बेताने, हवी तशी करता आली असती, ती धावपळीत, मिळेल तेथे करावी लागते. म्हणून चौकशी तब्येत बरी असतानाच करावी. ती केली म्हणून शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. वेळ आलीच तर काय निवडायचे, हे मात्र ठरलेले असते.

आणि त्याही आधीचे पहिले पाऊल सर्वांत सोपे, तरी सर्वांत अवघड. शौचावाटे रक्त पडत असेल तर ते घरात सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आवेच्या नावाखाली झाकलेली ही गोष्ट जितकी लवकर उघड होईल, तितक्या अधिक वाटा मोकळ्या राहतील.